मोटार धुवायची कशाने?



माझी सारी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली, तेव्हा बोलणार तेही त्याबद्दलच. आपल्यातल्या काहींची मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत, काहींची मुले वायरमन आहेत. त्यांनी जरा लक्ष द्यावे.

वाइंडिंग आणि कॉन्टॅक्टवरचे तेलकट थर काढायला पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे आमचे ‘सीटीसी’, सर्रास वापरत. ते पेट घेत नाही, झटकन उडून जाते, डाग ठेवत नाही. पण त्याची वाफ माणसाच्या यकृताला घातक, आणि उंच स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचली की अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन सोडते. तो क्लोरीन ओझोन नष्ट करतो. सीएफसी-११३ आणि मिथाइल क्लोरोफॉर्म यांचेही तेच.

१९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. २०१० पासून आपल्याकडे सफाईसाठी सीटीसी बंद आहे.

मग पर्याय कोणता? इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ओझोनला चालते ते माणसाला चालेलच असे नाही. ट्रायक्लोरोएथिलीनने कॅन्सर होतो. सीटीसीसारख्या द्रवांच्या जागी आलेल्या एन-प्रोपिल ब्रोमाइडने कामगारांच्या नसा निकामी झाल्या आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्या मानाने बरे, पण त्याची वाफ १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते.

म्हणून आधी सप्लाय बंद करून कुलूप लावा, कपॅसिटर डिस्चार्ज करा. कोरडी धूळ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. तिला द्रव लागतच नाही. तेलकट वाइंडिंग सौम्य डिटर्जंटच्या कोमट पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा आणि मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय जोडू नका. कॉन्टॅक्टसाठी अल्कोहोल फडक्यावर घ्या, तेही थोडेच, दारे-खिडक्या उघड्या ठेवून.

त्याहून चांगले म्हणजे घाण आत येऊच न देणे. पॅनेलची उघडी भोके बुजवा, फिल्टर वेळेवर बदला. सर्किट बोर्डवाल्यांनीही हेच केले: सोल्डरिंगनंतर धुवावे लागणार नाही असा फ्लक्स वापरात आणला.

दुकानात कोंदट कोपऱ्यात बसून मोटार पुसणारा पोरगा डब्यावरचे इंग्रजी वाचत नाही. ते मालकाने वाचायचे. डबा घेताना सेफ्टी डेटा शीट मागा. दुकानदार देत नसेल तर डबा परत करा.