परतीचा रकाना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कवी माणूस. बी. ए.ला मराठी घेतलं ते गणितापासून सुटका व्हावी म्हणून. तरीही मध्यंतरी हिशेबाची एक वही माझ्यापुढे आली आणि मला महिनाभर पुरली.

वही माझ्या भाच्याची. मोटारसायकलवरून जगाची सफर करायची, हे त्याच्या डोक्यात कॉलेजपासून आहे. मला म्हणाला, "मामू, बाकी सगळं जमलंय. तुम्ही फक्त अम्मीला समजवा." समजवायचं काय, तर मिरजेचं राहतं घर तारण ठेवायला तिनं सही द्यावी. माझे मेहुणे आता नाहीत. आपाजवळ तेवढं एक घरच आहे.

मी म्हटलं, "सहीचं मागून बघू. आधी वही दाखव."

वही नेटकी होती. एकूण ६०,००० किलोमीटर. गाडी लिटरला तीस देते, म्हणजे २,००० लिटर पेट्रोल. कुठे स्वस्त, कुठे महाग, म्हणून सरासरी १२० रुपये धरले, झाले २,४०,०००. मागचा टायर १५,००० किलोमीटरला एक, असे चार. चेन, ऑइल, ब्रेक, सगळं मांडलेलं. रोज ३०० किलोमीटर, म्हणजे २०० दिवस. खाणं-राहणं दिवसाला ३,०००, म्हणजे सहा लाख.

मी विचारलं, "वर्षभर जाणार म्हणतोस ना? मग उरलेले १६५ दिवस उपाशी राहणार का?"

तो गप्प बसला. पावसात अडकलेले दिवस, तापात पडलेले दिवस, व्हिसाच्या कचेरीबाहेरचे दिवस, बोटीतून गाडी उतरण्याची वाट बघायचे दिवस, यांना वहीत जागाच नव्हती. पेट्रोल किलोमीटरला लागतं, भाकरी दिवसाला लागते. त्या १६५ दिवसांचे ४,९५,००० रुपये होतात. कवितेत एक मात्रा कमी पडली की वाचणाऱ्याला ठेच लागते. इथे तर अख्खं कडवंच गळालं होतं.

आता घराचा प्रश्न. तो पेट्रोलसाठी नव्हता, कागदासाठी होता. परदेशात आपली गाडी नेताना इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया अशा देशांत 'कार्ने' नावाचं पुस्तक लागतं. एका परीनं तो गाडीचा पासपोर्टच. प्रत्येक पानाचे तीन भाग: एक गाडी देशात शिरताना फाडायचा, दुसरा बाहेर पडताना, तिसरा पुस्तकातच राहतो. गाडी तिथे विकली नाही, याची ती हमी. त्यासाठी मोठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. ती गाडीच्या किमतीवर ठरते आणि काही देशांसाठी किमतीच्याही वर जाते. सगळे शिक्के नीट असतील तर पैसे परत मिळतात. पण एखाद्या नाक्यावर बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, गाडी चोरीला गेली, तर तो देश जकात मागू शकतो. म्हणजे कुठल्यातरी दूरच्या नाक्यावर हुकलेला एक शिक्का आपाच्या दारापर्यंत येणार.

शिवाय जमिनीवरून निघायच्या वाटाही आखडल्या आहेत. २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारची वाट बिकट झाली. अटारीचा नाका २०२५मध्ये बंद करण्यात आला. चीनमध्ये परवाने घेऊन, वाटाड्या बरोबर घेऊनच जावं लागतं आणि त्याचा खर्च मोठा. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये तर रस्ताच नाही; गाडी बोटीनं किंवा विमानानं पुढे न्यावी लागते. युरोपात शेंगेन देशांचा व्हिसा असला तरी १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. पैशाइतकंच तारखांचंही अंदाजपत्रक करावं लागतं.

मग माणसं जातात कशी? जातात. टेड सायमन हा इंग्रज १९७३मध्ये ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षांनी, १९७७मध्ये परतला. त्याच्याही आधी, १९२३मध्ये, मुंबईचे पारशी तरुण चक्क सायकलवरून निघाले होते. त्यातल्या तिघांनी १९२८मध्ये फेरी पुरी केली. धाडसाला माझी ना नाही.

पण वही वाचताना मला अब्बा आठवले. १९८४मध्ये ते मुंबईहून बोटीनं हजला गेले. जाण्याआधी महिनाभर ते एकच काम करत होते. वाण्याची उधारी फेडली, शिंप्याची फेडली, शेजाऱ्याकडून घेतलेले चाळीस रुपयेही परत केले. चार महिन्यांचं धान्य घरात भरलं. आमच्यात सांगतात, ज्याची ऐपत आहे त्यानंच हजला जावं. आणि ऐपत म्हणजे नुसतं तिकीट नव्हे. आपण परत येईपर्यंत मागची माणसं खाऊनपिऊन सुखी राहतील, ही तजवीज झाली तर ती ऐपत.

भाच्याच्या वहीत देशोदेशीचे रकाने होते. घराचा रकाना नव्हता. आपाचं औषध, वीजबिल, परतल्यावर नोकरी मिळेपर्यंतचे महिने, आणि वाटेत काही झालं तर विमानानं घरी यायचे पैसे, यातलं काहीच नव्हतं.

मी त्याला नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "आधी नेपाळला जाऊन ये. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. गाडीचा परवाना नाक्यावर दिवसाच्या हिशेबानं मिळतो. महिनाभर रोजचा खर्च लिही."

गेला, आणि लिहिलाही. दिवसाला १,५०० धरले होते, १,९०० लागले. तीस दिवसांत बारा हजारांनी चुकला; वर्षभर हाच हात राहिला असता, तर दीड लाखाला कमी पडलं असतं. तेही एका शेजारच्या देशात.

घराचे कागद अजून आपाच्या ट्रंकेतच आहेत. भाच्यानं सफर सोडलेली नाही. दोन वर्षं पुढे ढकलली आहे, आणि हमीचे पैसे तो पगारातून साठवतो आहे. परवा नवी वही दाखवायला आला. आपा शेजारी बसून लसूण सोलत होती. पहिल्या पानावर देशाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'घर – पंधरा महिने'.

मी म्हटलं, "सफर तर बाराच महिन्यांची ना?"

तो म्हणाला, "तीन परतल्यानंतरचे, मामू."

आपानं मान वर केली नाही. पण लसूण सोलता सोलता म्हणाली, "थंडीचे कपडे कुठे लिहिलेस?"