पळी आणि कारभार



घर सोडून गेलेल्या माणसाने संसाराबद्दल काय सांगावे, असा खोचक प्रश्न बुद्धांच्या बाबतीत हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा दीघनिकायातले ३१वे सुत्त उघडलेले नसते. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सकाळी न्हाऊन, ओलेत्याने सहा दिशांना हात जोडत होता. का, तर वडील मरताना तसे सांगून गेले होते म्हणून. बुद्धांनी दिशा सहाच ठेवल्या आणि त्यांत माणसे आणून बसवली: पूर्वेला आईवडील, दक्षिणेला गुरुजन, पश्चिमेला बायकामुले, उत्तरेला मित्र, खाली नोकरचाकर, वर श्रमण-ब्राह्मण. शिवाय प्रत्येक नात्यात देणे दोन्ही बाजूंना लावले.

नवऱ्याची देणी पाच. बायकोला मान द्यावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी प्रतारणा करू नये, घरातले ‘इस्सरिय’, म्हणजे सत्ता, तिच्या हाती सोपवावी आणि दागिने द्यावेत. चौथे देणे सगळ्यांत जड.

ते किती जड, हे अट्ठकथेत दिसते. बुद्धघोषांच्या नावे असलेली ही टीका म्हणते: भारी दागिना मिळाला तरी रांधण्यावाढण्यात आपले चालत नसेल तर बाई रागावते, तेव्हा पळी तिच्या हाती द्यावी, ‘तुझ्या मर्जीने कर’ म्हणावे, की सगळी सत्ता दिल्यासारखीच. टीकाकार व्यवहारी खरा! सुत्ताने सत्ता द्यायला सांगितली, त्याने पळीवर भागवले.

अंगुत्तरनिकायातली नकुलमाता या पळीत मावणारी नव्हे. भग्ग देशातला तिचा नवरा, नकुलपिता, आजाराने खंगला होता. ती त्याला सांगते, की जीव घरात गुंतवून मरू नका. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मुले मी वाढवीन, घर चालवीन. इथे यमाशी वाद नाही, नवस नाही. रोखठोक हिशेब आहे. नकुलपिता बरा झाला आणि काठी टेकत बुद्धांकडे गेला. अशी हितचिंतक बायको लाभली हे तुझे भाग्य, असे बुद्धांनी त्याला सांगितले.

सगळेच असे सोयीचे नाही. बुद्धांचा उपासक अनाथपिंडिक याची सून सुजाता हिला त्यांनी सांगितलेल्या सात प्रकारच्या बायकांत ‘दासीसारखी’ ही चांगल्यांत मोडते. मारहाणीची धमकी मिळाली तरी ती चिडत नाही. सुजाता तीच होणे पत्करते. आजच्या वाचकाने हे मुकाट गिळू नये, आणि भक्तीपोटी लपवूही नये.

घरातल्या बायकांच्या स्वतंत्र वाट्याचा आपल्याकडचा पुरावा दगडात आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका कुटुंबाचा ब्राह्मी लेख आहे. लेणे शिवम याचे दान, कोरीवकाम बायको विजया आणि मुलग्यांचे, खांब मुलींचे. एकाच घरातल्या दानाची वाटणी लेखात नावानिशी नोंदवली आहे, आणि त्यात बायका ‘अमक्याच्या परिवारासह’ अशा मोघम उल्लेखात विरघळलेल्या नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माची सामूहिक दीक्षा झाली आणि महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांपुढे साधाच प्रश्न आला: आता लग्न लावायचे कसे? विनयाने, म्हणजे संघाच्या नियमांनी, तर भिक्खूंना लग्ने जुळवायलाही मनाई केलेली. मग पांढरी वस्त्रे आली, त्रिशरण-पंचशील आले आणि वधूवरांच्या पाच-पाच प्रतिज्ञा आल्या. त्या सिगालाच्या सुत्तातल्याच. इतके जुने गृहस्थसूत्र मंडपातल्या माइकवरून घराघरांत पोचावे, ही मराठी मुलखाने केलेली मोठीच गोष्ट. पण चौथी प्रतिज्ञा येईपर्यंत पंगतीची घाई झालेली असते, आणि नवरदेव ती एका दमात म्हणून मोकळा होतो.

या विधीच्या लहान पुस्तिका गावोगाव मिळतात. इथे जमलेल्या लेखकांनी परत जाताना आपापल्या गावची एकेक मिळवावी. त्यांत ‘इस्सरिय’साठी कोणता शब्द छापला आहे, अधिकार, धन, की नुसती कपाटाची किल्ली, ते टिपून पुढच्या संमेलनाला आणावे.