ओढ्याचं माप



अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, प्यूजेट साउंड नावाचा समुद्राचा मोठा फाटा जमिनीत आत घुसलेला आहे. सिअ‍ॅटल शहर त्याच्याच काठी वसलं आहे. या फाट्याला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांमध्ये सॅमन मासा समुद्रातून परत येतो, प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांमध्ये अंडी घालतो. शहरं वाढली तसे यातले कितीतरी ओढे सरळ केले गेले, काँक्रीटमध्ये जखडले गेले, नळात गाडले गेले. पुढे लोकांनाच ते सलायला लागलं. मग काँक्रीट उखडलं, पात्राला पुन्हा वळणं दिली, त्यात ओंडके ठेवले, गोटे अंथरले, काठाला झाडं लावली. सिअ‍ॅटलच्या थॉर्नटन क्रीक या ओढ्याचा दोन फाट्यांच्या संगमाजवळचा भाग 2014 मध्ये असाच मोकळा झाला. पुराला पसरायला जागा मिळाली, रस्त्याखालची अरुंद मोरी काढून तिथे मोठी आली. 2018 मध्ये त्या भागात चिनूक सॅमन अंडी घालताना दिसले.

आजचं बोलणं आहे ते रस्त्याखालच्या मोरीबद्दल, आणि ती बांधायला जी परवानगी लागते तिच्याबद्दल. ओढा सुधारणाऱ्यांनी वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि मग त्याच ओढ्यावरून रस्ता नेताना सगळं एका नळात कोंबायचं, असं घडू द्यायचं नसेल तर परवानगीच्या अर्जात पहिला आकडा ओढ्याच्या रुंदीचा हवा. पाण्याचा आकडा नंतर.

हे उलटं वाटेल. मोरी पाण्यासाठीच असते ना? म्हणून अर्जातला पहिला प्रश्न नेहमी पाण्याचा असतो: शंभर वर्षांतला मोठा पूर किती, तो जायला किती व्यासाचा नळ लागेल? आकडेमोड अचूक असते, आणि पाणी नळातून जातंही. पण ओढ्यातून एकटं पाणी जात नाही. गोटे जातात, ओंडके जातात, पालापाचोळा जातो, आणि मासे उलट दिशेने येतात. त्यांना जागा किती लागते, हे पाण्याच्या आकड्यातून कळत नाही. ते कळतं ओढा काठोकाठ भरून वाहतो तेव्हाच्या रुंदीतून.

कासार बांगडी कशी भरतो ते आठवा. बांगडी राहणार असते मनगटात, पण कासार मनगटाचं माप घेत नाही. तो अंगठा आत वळवतो, पंजा दाबतो आणि हाताचा सगळ्यात रुंद भाग पाहतो. उन्हाळ्यातली बारीक धार हे ओढ्याचं मनगट आहे. काठोकाठ भरलेलं पात्र हा त्याचा पंजा. शिवाय बांगडी थोडी सैल लागते. वॉशिंग्टन राज्याच्या नियमात हे सैलपण चक्क आकड्यात लिहिलेलं आहे. ओढ्याचा नैसर्गिक तळ मोरीतही तसाच चालू ठेवायचा असेल, तर मोरीतल्या तळाची रुंदी ओढ्याच्या रुंदीच्या 1.2 पट, अधिक 2 फूट. म्हणजे ओढा 10 फूट रुंद असेल तर मोरीचा तळ 14 फूट. मोरीच्या उंचीचा 30 ते 50 टक्के भाग ओढ्याच्या तळाखाली पुरायचा आणि त्यावर ओढ्याचेच गोटे-वाळू भरायची. मग माशाला आपण रस्त्याखालून जातोय हे जाणवण्याचंही कारण उरत नाही.

आणि घट्ट बांगडी? ती हाताला करकोचे पाडते. अरुंद नळाच्या वरच्या तोंडाशी पाणी तुंबतं, गाळ साचतो, ओंडके अडकतात. खालच्या तोंडातून तेच पाणी जोरात बाहेर पडतं आणि तळ खणत जातं. काही वर्षांत नळाचं तोंड हवेत लटकायला लागतं. वॉशिंग्टनच्या मोजणीत खालच्या तोंडाशी 0.24 मीटर, म्हणजे जेमतेम वीतभर उडी पडली, तरी ती मोरी माशांना अडथळा म्हणून नोंदली जाते. मोठा सॅमन याहून कितीतरी उंच उडी मारतो, मग वीतभराची काय चिंता, असं कोणी म्हणेल. पण कोहो सॅमनची पिल्लं वर्षभराहून जास्त काळ ओढ्यातच काढतात, पूर आला की आडोसा शोधत वर-खाली फिरतात. बोटाएवढ्या पिल्लाला वीतभर उडी कुठून जमणार? मोरी त्याच्याही मापाची हवी.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हे परकं वाटायला नको. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून, पऱ्ह्यातून वर भातखाचरांपर्यंत जातात. वाटेत रस्त्याखाली सिमेंटचा नळ असतो, आणि त्याच्या तोंडाशी ते अडतात तिथेच नेमके पकडणारे उभे असतात. पण आज तिकडे वळलो तर वेळ पुरणार नाही.

आता परवानगी. वॉशिंग्टन राज्यात ओढ्यावर रस्ता न्यायचा तर एक संयुक्त अर्ज भरतात आणि तोच वेगवेगळ्या कार्यालयांत जातो. स्वच्छ जल कायद्याच्या कलम 404 खाली पात्रात भराव टाकायला केंद्राच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या खात्याची परवानगी लागते. त्याच कायद्याच्या कलम 401 खाली पाण्याच्या दर्जाचा दाखला लागतो. सॅमनच्या काही जाती धोक्यात आल्याचं जाहीर झालेलं आहे, प्यूजेट साउंडचा चिनूक 1999 मध्येच, म्हणून केंद्राच्या मत्स्य खात्याशीही सल्लामसलत करावी लागते. राज्याचं मासळी व वन्यजीव खातं स्वतंत्र जलकाम परवानगी देतं. तिचा कायदा 1943 चा आहे, आणि अर्ज पूर्ण असेल तर निर्णयाला 45 दिवस मिळतात. पाण्यात उतरून काम करायची मुदतही ठरलेली असते, बहुधा उन्हाळ्यातली, मासे कमीत कमी असतील तेव्हाची. जाळी लावून मासे बाजूला काढायचे, ओढ्याचं पाणी तात्पुरतं वळवायचं, आणि मगच यंत्रं उतरवायची.

कागद भरपूर आहेत. पण रुंदी? आर्मी कोअरच्या परवानग्यांत रस्त्यांसारख्या लांबट कामांसाठी एक देशव्यापी परवाना आहे, क्रमांक 14. भरतीच्या पाण्यापासून दूरच्या ओढ्यांवर जलक्षेत्राचं नुकसान अर्ध्या एकराच्या, म्हणजे वीस गुंठ्यांच्या आत असेल तर तो चालतो. चार गुंठ्यांच्या वर गेलं की आधी कळवावं लागतं. पाण्यातल्या जिवांची ये-जा अडू नये अशी सर्वसाधारण अट त्याला आहे. चांगली अट आहे. पण ती मोरी किती रुंद हवी ते सांगत नाही. आकडा राज्याच्या नियमात आहे, केंद्राच्या या अटीत नाही. गुंठे मोजले जातात. पात्राची रुंदी त्याच काळजीने मोजली जायला हवी, हेच पुन्हा सांगायचं आहे.

सुधारलेल्या ओढ्याचं आणखी एक आहे. अमेरिकेत अनेक ओढे दुसरीकडच्या नुकसानीची भरपाई म्हणून सुधारले जातात: कुणी एका ठिकाणी पात्र बुजवलं, त्याबदल्यात दुसऱ्या ठिकाणी मोकळं केलं. 2008 च्या नियमानुसार अशी जागा कायदेशीर बंधनाने राखून ठेवायची असते आणि निदान पाच वर्षं तिची पाहणी करायची असते. तिथून रस्ता न्यायचा म्हणजे भरपाईतूनच पुन्हा वजाबाकी करायची. म्हणून कायद्याचा क्रम असा आहे: आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, आणि त्यानंतरच भरपाईचं बोला. आणि सुधारलेला ओढा अजून वाढत्या वयात असतो. पात्र सरकतं, काठ बसतात, झाडं मोठी होतात, पुढे पडतात आणि ओंडके होतात. आठ वर्षांच्या मुलीला भरलेली बांगडी अठराव्या वर्षी हातातून निघत नाही, ती फोडावी लागते. आजच्या रुंदीवर नेमकी बसणारी मोरी उद्या फोडावी लागली, तर तो खर्च कोणाच्या माथी?

त्याचं उत्तर वॉशिंग्टन राज्याला न्यायालयातून मिळालं. 1854-55 मध्ये राज्यपाल आयझॅक स्टीव्हन्स यांनी तिथल्या आदिवासी राष्ट्रांशी तह केले. या राष्ट्रांनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे राखला. 1974 मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर त्यांचा हक्क आहे. पण ओढ्यांत मासाच उरला नाही तर निम्मा कशाचा? 2001 मध्ये 21 आदिवासी राष्ट्रांनी केंद्र सरकारसह हा मोऱ्यांचा प्रश्न न्यायालयात नेला. 2013 मध्ये न्यायमूर्ती रिकार्डो मार्टिनेझ यांनी आदेश दिला: पश्चिम वॉशिंग्टनमध्ये राज्याच्या महामार्गांखालच्या मोऱ्यांनी अडवलेल्या अधिवासापैकी 90 टक्के 2030 पर्यंत मोकळा करा. सर्वोच्च न्यायालयात 2018 मध्ये मतं चार विरुद्ध चार अशी पडली आणि तो आदेश कायम राहिला. कामाचा खर्च अब्जावधी डॉलरांत आहे.

या खटल्यात राज्याने मांडलेला एक मुद्दा परवानगी देणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. राज्याचं म्हणणं होतं की या मोऱ्यांचे आराखडे केंद्राच्याच मानकांप्रमाणे होते, केंद्राने ते मान्य केले होते, मग आता तक्रार कशी? न्यायालयांनी हे ऐकलं नाही. म्हणजे शिक्का होता, सही होती, मानक होतं, आणि मासा मात्र खालीच अडला होता. मान्यता देताना ओढ्याचा पंजा कोणी पाहिला नव्हता. शिवाय हा आदेश फक्त राज्याच्या मोऱ्यांना लागू आहे. त्याच ओढ्यावर वर-खाली काउंटीची, शहराची, खासगी मालकाची मोरी मासे अडवत असली, तर राज्याने मोकळी केलेली वाट मध्येच थांबते.

रुंद मोरी महाग पडते, हे खरं. पण व्हर्मॉंटमध्ये 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाचा पूर आला, तेव्हा ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात ओढ्याच्या रुंदीवर बांधलेल्या मोऱ्या शाबूत राहिल्या आणि आसपासचे कितीतरी जुने नळ रस्त्यासकट वाहून गेले. माशासाठी सोडलेल्या जागेतून पुराचे ओंडकेही निघून गेले. वाहून गेलेला रस्ता पुन्हा बांधण्याचा खर्च अर्जात कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून अरुंद नळ कागदावर स्वस्त दिसतो.

रस्त्यावरून ओढ्यात काय पडतं, तेही परवानगीच्या वेळीच पाहायला हवं. सिअ‍ॅटलमध्ये लाँगफेलो क्रीकसारख्या सुधारलेल्या ओढ्यांत कोहो परत आले, आणि पाऊस पडला की पोटातल्या अंड्यांसकट तडफडून मरू लागले. कारण शोधायला बरीच वर्षं गेली. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन 6पीपीडी-क्विनोन हे कोहोला मारणारं विष तयार होतं. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं तर कोहो वाचतात, हेही प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा मोरी कितीही रुंद केली आणि रस्त्यावरचं पाणी मात्र पन्हळीने सरळ ओढ्यात सोडलं, तर… याच्यासाठी वेगळं भाषण लागेल.

वेळ होत आली. सिअ‍ॅटल आणि बेल्व्ह्यूच्या परिसरात आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. आपल्या वस्तीजवळच्या ओढ्यावरून रस्ता जातोय असं त्यांच्या कानावर आलं, तर राज्याच्या पर्यावरण कायद्याखाली बऱ्याच प्रकल्पांवर लेखी म्हणणं देण्यासाठी 14 दिवस मिळतात. लांबलचक पत्राची गरज नाही. रुंदी किती ठिकाणी मोजली, ती जुन्या नळाने बिघडवलेल्या पात्रात मोजली की वरच्या, न बिघडलेल्या भागात, आणि मोरी त्या रुंदीच्या किती पट आहे, एवढंच विचारावं. उत्तर लेखी मागावं.