घणाआधी पाणी



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज पाडकामाच्या धुळीवर बोलणार आहे. हसू नका. धूळ म्हणजे झटकून टाकायची गोष्ट, असं ज्याला वाटतं, त्यानं ती गिळलेली नसते.

मॅट्रिकचा शेवटचा पेपर झाला त्या उन्हाळ्यात मी अमरावतीत एका जुन्या वाड्याच्या पाडकामावर रोजीनं होतो. वर माझा मामा घणावर. खाली मी घमेलं भरणारा. बाया मलबा डोक्यावर नेत होत्या. भिंत बसली की असा धुरळा उठे, की बाजूचा माणूस दिसेना. मी मुकादमाला म्हटलं, "काका, पाणी काऊन नाही मारत?" तो म्हणे, "कायले? गारा होते, काम थांबते. दुपट्टा बांध तोंडाले अन् उचल."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडली. तिच्या कुरडया मातीनं भरल्या होत्या. तासाभरात पाइप आला, पाणी सुरू झालं. म्हणजे पाणी होतं. पाइप होता. नळ होता. फक्त आमची छाती कुरडईच्या किमतीची नव्हती.

मामा आज जिना चढू शकत नाही. टीबीचा कोर्स दोनदा झाला. दवाखान्यात कुणीही त्याला विचारलं नाही, की बाबा, तू काम काय करतोस?

आता ही धूळ काय असते ते ऐका. वाळू, दगड, वीट, काँक्रीट या सगळ्यांत सिलिका असते. जी धूळ डोळ्याला दिसते ती नाकात अडकते, थुंकीत निघते. मारते ती न दिसणारी. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारा कण चार-पाच मायक्रॉनचा, त्याहूनही बारीक. तो तिथं बसतो, फुप्फुसाला वण पडत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. आणि सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर धरतो. मग कागदावर टीबी तेवढा येतो, आणि ठेकेदार सुटतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा हा कण अडवत नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये अमरावतीच्या प्रभात चौकात जीर्ण इमारत कोसळली. 5 माणसं गेली. बातमी झाली, व्हायलाच पाहिजे. पण भिंत अंगावर पडून मेलेला मोजला जातो. भिंत श्वासातून आत गेलेला कुणी मोजत नाही. तो दहा-वीस वर्षांनी आपल्या खाटेवर मरतो.

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. पहिली गोष्ट, घणाआधी पाणी. उडालेली धूळ खाली आणणं कठीण, उडण्याआधी भिजवणं सोपं. ब्रेकरचं टोक जिथं लागतं तिथं बारीक फवारा पाहिजे. मलबा भरण्याआधी परत फवारा. पण सांभाळून! वऱ्हाडातल्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या. पाणी ओतलं तर माती पाणी पिते, भिंत जड होते आणि अंगावर बसते. म्हणून वरवर भिजवायचं, वरून थराथरानं उतरवायचं. त्याआधी घराची वीज तोडायची.

दुसरी, मलबा वरून फेकायचा नाही. बूड कापलेले ड्रम एकाला एक जोडून नळी करा, तिच्यातून सोडा, खाली ताडपत्री. तिसरी, कोरडा झाडू मारायचा नाही. चौथी, जुने सिमेंटचे पत्रे फोडायचे नाहीत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यानं कॅन्सर होतो. भिजवून अख्खे उतरवा. एन-95 मास्क पाहिजेच, पण पाण्याच्या बदल्यात नाही, पाण्यासोबत.

कुणी म्हणेल, अकोल्यात प्यायला पाणी नाही, भिंतीला कुठून आणू? प्रश्न खरा आहे. पण आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली माणसं. इथं बोअरला खारं पाणी लागतं. ते माणसाला चालत नाही, पिकाला चालत नाही. धुळीला चालतं! ठेकेदार म्हणेल, विकायच्या विटांना लोणा लागेल. मग त्यानं विटांसाठी गोड पाणी आणावं. विटांची काळजी त्याला आहेच.

कायदाही आहे. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. ज्या शहरांची हवा मर्यादेबाहेर खराब, तिथं बांधकाम आणि पाडकामावर पाण्याचा फवारा सक्तीचा. इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त 10 मीटर आडोसा. मलबा झाकलेला. उघड्यावर कापणं-घासणं बंद. आणि हे उपाय लोकांना दिसतील असे फलकावर लिहायचे. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात खराब हवेची शहरं म्हणून अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. तुम्ही पाडकामावर असा फलक पाहिला आहे का? मी नाही पाहिला.

जमत नाही असं नाही. 28 ऑगस्ट 2022 ला नोएडाचे जुळे टॉवर 9 सेकंदांत पाडले. शेजारच्या रहिवाशांना आधी बाहेर काढलं, त्यांच्या इमारती कापडानं झाकल्या, पाण्याचे फवारे लावले. फ्लॅटवाल्यांच्या शेजारी सगळं जमतं.

आणि ही गोष्ट फक्त आपल्याच देशातली नाही. 1930 साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात युनियन कार्बाइडसाठी हॉक्स नेस्ट बोगदा खणायला घेतला. हो, तीच कंपनी, जिचं नाव 1984 साली भोपाळनं ऐकलं. बोगद्यात उतरलेले बहुतेक काळे मजूर. दगड सिलिकाचा. ओलं ड्रिल मारलं तर धूळ बसते, हे तेव्हाही माहीत होतं. पण कोरडं लवकर होतं, म्हणून कोरडं मारलं. 1936 साली अमेरिकी काँग्रेससमोर 476 मृत्यूंचा आकडा आला. पुढच्या अभ्यासानं तो 700 च्या वर नेला. पाणी तिथंही होतं. काळ्या छातीसाठी नव्हतं.

20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तो झगडा तहानेपुरता नव्हता. पाणी कुणापर्यंत पोचतं आणि कुणापाशी येऊन थांबतं, हा तो प्रश्न होता. तो आज पाडकामावर उभा आहे.

एकट्यानं विचारलं तर रोजी जाते, हे मला माहीत आहे. म्हणून दहा जण जा. नाक्यावरच्या मजुरांशी आधी बोला, मग ठेकेदाराशी. फलक मागा. फोटो काढा, महानगरपालिकेत लेखी द्या, पोच घ्या. घरात खोकणारा कुणी असेल तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा आणि डॉक्टरला ठणकावून सांगा, हा पाडकामावर होता, कागदावर तसं लिहा.

आणि साइटवर पहिला सवाल एकच, पाइप कुठाय?

पाइप येईस्तोवर घण खाली.