दोन वर्षांची सजा



तेरणा साखर कारखान्याचे हे ढोकी गाव परिषदेसाठी गावोगावहून आलेल्या तृतीयपंथी आणि पारलिंगी पाहुण्यांचे मनापासून स्वागत करते. शेजारीच तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. दिंडी आली की ओसरी मोकळी करून द्यायची, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही.

या मुलखाकडे एक जुने देणे मात्र बाकी आहे. उस्मानाबाद निजामाच्या राज्यात असताना, फसली 1329 मध्ये, म्हणजे 1919 च्या सुमारास, हैदराबाद संस्थानाने हिजड्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यांची नोंदवही ठेवायची. वहीत नाव असलेली व्यक्ती रस्त्यात साडी-दागिन्यांत दिसली किंवा नाचता-गाताना सापडली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तुळजापूरच्या, येरमाळ्याच्या यात्रेत देवीची परडी घेतलेल्या, साडी नेसलेल्या आराध्यापुढे माणसे वाकतात. त्याच मुलखावर राज्य करणाऱ्यांचा हा कायदा! तेलंगणात तो कागदावर टिकून होता. तिथल्या उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो रद्द केला.

आता अलीकडचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांचे नागरिक म्हणून हक्क मान्य केले. त्यानंतर त्यांच्या हक्कांसाठी 2019 चा कायदा आला. त्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे. निजामाच्या काळी साडी नेसल्याबद्दल जास्तीत जास्त जेवढी कैद होती, तेवढीच तृतीयपंथी व्यक्तीची अब्रू लुटणाऱ्याला! हा उघड अन्याय आहे.

रोजचा जाच तर कुठल्याच कलमात मावत नाही. वर्गात ‘बायल्या’ म्हणून हिणवतात, घरचे बाहेर काढतात, भाड्याची खोली मिळत नाही. दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचे की बायकांच्या, यावर वाद होतो आणि तापाने फणफणलेले माणूस व्हरांड्यात पडून राहते. मग हाती उरते मंगती, म्हणजे भीक मागणे. तिथेही शिव्याच.

तरी गावे शहाणी होतात. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने 2017 मध्ये तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केले. जळगावजवळच्या भादली बुद्रुकला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज, स्त्रियांसाठी राखीव जागा म्हणून, फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढू दिले आणि गावाने निवडून दिले. आपला जिल्हाही त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

ढोकीकरांनो, परिषद संपली की पाहुणे जातील. पण ढोकीत, तेरला, येडशीला जी तृतीयपंथी माणसे कायमची राहतात, त्यांना खोली भाड्याने द्या, रेशनकार्डावर नाव चढवायला त्यांच्यासोबत तहसीलला जा आणि येत्या ग्रामसभेत त्यांना आपल्या शेजारी बसवून घ्या.