काळ्या नदीतील बेटे

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. पण ब्राझीलमधील रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी, हिच्या पात्रातच सुमारे चारशे बेटे पसरली आहेत. आनाविल्यानास हे त्या द्वीपसमूहाचे नाव. मनाउस शहराच्या वरच्या अंगाला तो आहे. काठावरच्या नोवो आइराँव गावी होडी मिळते.

पाणी ओंजळीत घेतले तर कोऱ्या चहासारखे तांबूस, खोलवर मात्र काळेभोर. कुजलेल्या पानांचे आम्ल त्यात उतरलेले असते. त्यामुळेच तेथे डास कमी. अरण्यात हिंडणाऱ्याला हा दिलासा काही लहानसा नव्हे!

खरी मौज पुराची. पाणी दहा-दहा मीटर चढते, कित्येक बेटे बुडतात आणि होडी झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवावी लागते. पाखरांच्या फळांवर मासे ताव मारतात. गुलाबी डॉल्फिनही त्या बुडालेल्या रानात शिरतात.

मनाउसच्या बंदरात १९०२ पासून नदीची पातळी नोंदली जाते. २०२१ साली ती ३० मीटरांवर गेली. तोवरचा तो उच्चांक. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ती १२.११ मीटरांवर उतरली, इतकी खाली पूर्वी कधीच गेली नव्हती. होड्या वाळूत रुतल्या. नदी हाच ज्यांचा रस्ता, त्या वस्त्यांपर्यंत अन्न आणि पिण्याचे पाणी पोचविणे कठीण झाले.

जाणाराने जूनच्या सुमारास जावे. आणि निघण्यापूर्वी मनाउसचा ताजा आकडा तेवढा विचारून घ्यावा.