दक्षिणेच्या टोकावरचें अरण्य : फियॉर्डलँड

श्रोतेहो, जगाच्या नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस न्यूझीलंडचीं दोन मोठीं बेटें दिसतात. त्यांतील दक्षिण बेटाच्या अगदीं नैर्ऋत्य कोपऱ्यांत किनाऱ्याची रेषा एकाएकीं विस्कटते आणि समुद्राचे लांबट फांटे डोंगरांत खोलवर शिरलेले आढळतात. या मुलुखाला फियॉर्डलँड म्हणतात. बारा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला हा प्रदेश 1952 सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. त्याच्या बहुतेक भागांत रस्ता नाहीं, गांव नाहीं, नांगरलेली जमीन नाहीं.

इतक्या दूरच्या अरण्याची हकीकत आपण कां ऐकावी, असें कोणी विचारील. एखादी वस्तु माणसांपासून दूर आहे, एवढ्यानेंच ती सुरक्षित आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा निवाडा या अरण्याच्या इतिहासानें केलेला आहे. म्हणून ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

प्रथम भूमीचें रूप पाहूं. आपल्या कोंकणांतील खाड्या नद्यांच्या मुखाशीं तयार झालेल्या आहेत. फियॉर्डची घडण निराळी. हिमयुगांत प्रचंड हिमनद्यांनीं डोंगर कोरून खोल दऱ्या पाडल्या. पुढें बर्फ वितळलें, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांत शिरला. असे चौदा फियॉर्ड या किनाऱ्यावर आहेत. मिलफर्ड साउंड नांवाच्या फियॉर्डच्या कांठीं तर सोळाशें मीटरांहून उंच शिखर सरळ पाण्यांतूनच उभें राहिलेलें आहे. तेथें वर्षाला साडेसहा मीटरांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरचा आषाढ ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या पावसाची कल्पना येईल. मात्र तेथें त्याला ठराविक ऋतु नाहीं, तो बाराही महिने येतो. रानांतील पालापाचोळ्यांतून झिरपून हें पाणी चहासारखा रंग घेतें आणि खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतें. त्या थरानें सूर्यप्रकाश अडतो. त्यामुळें एरव्हीं समुद्राच्या पुष्कळ खोल भागांत वाढणारें काळें पोंवळें येथें पृष्ठभागापासून थोड्याच अंतरावर आढळतें.

या दऱ्या देवानें कोरल्या, असें तेथील मूळचे रहिवासी माओरी लोक सांगतात. तू ते राकी फानोआ या देवतेनें हातांत वांकस घेऊन दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक फियॉर्ड तासला, अशी त्यांची कथा आहे. हे लोक पक्ष्यांच्या शिकारीसाठीं आणि ‘पोउनामू’ नांवाच्या हिरव्या मौल्यवान दगडासाठीं या रानांत येत. 1773 सालीं कॅप्टन कुकनें डस्की साउंडमध्यें आपलें जहाज नांगरून तेथें कांहीं आठवडे मुक्काम केला. त्याच्या वृत्तांतामुळें येथील सीलांची वार्ता जगाला कळली आणि 1792 पासून कातड्यांसाठीं सील मारणाऱ्या टोळ्या येऊं लागल्या.

परंतु या अरण्याचे खरे धनी पक्षी होते. न्यूझीलंडांत वटवाघुळांखेरीज जमिनीवरील एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. मांजर नाहीं, कोल्हा नाहीं, मुंगूस नाहीं. जें भय होतें तें आकाशांतून येई. त्यामुळें कित्येक पक्ष्यांनीं उडणें सोडून दिलें. काकापो हा त्यांतलाच एक. माओरी भाषेंत ‘काका’ म्हणजे पोपट आणि ‘पो’ म्हणजे रात्र. हा रात्रीं हिंडणारा, जगांतील सर्वांत वजनदार पोपट. त्याचा रंग शेवाळासारखा. भय वाटलें कीं तो जागच्या जागीं स्तब्ध होतो. डोळ्यांनीं शिकार हेरणाऱ्या गरुडापुढें ही युक्ति उत्तम होती. पण नाकानें माग काढणाऱ्या शत्रूपुढें ती निरुपयोगी ठरली.

असा शत्रु माणसानेंच आणला. माओरींबरोबर कुत्रा आणि एका जातीचा उंदीर आला होताच. त्यानंतर युरोपियनांनीं ससे आणले. ते इतके वाढले कीं मेंढ्यांचीं कुरणें उजाड होऊं लागलीं. सशांचा नायनाट व्हावा म्हणून 1880 नंतरच्या दशकांत स्टोट नांवाचा प्राणी आणून सोडण्यांत आला. हा मुंगसाच्या ठेवणीचा, परंतु त्याहून लहान आणि अतिशय चपळ मांसाहारी प्राणी. पक्षिशास्त्रज्ञांनीं विरोध केला, पण कुरणें बुडालेल्या मेंढपाळांचा आक्रोश अधिक मोठा होता. स्टोटला ससे मिळाले, त्याचप्रमाणें जमिनीवर घरटीं करणारे, उडतां न येणारे पक्षीही मिळाले.

या संकटाची जाणीव ज्यांना वेळेवर झाली त्यांत रिचर्ड हेन्री या गृहस्थाचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. डस्की साउंडमधील रेझोल्यूशन बेट 1891 सालीं पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें होतें. 1894 सालीं हेन्रीची तेथें रक्षक म्हणून नेमणूक झाली. एक होडी, तोंडाला मुसकें बांधलेला एक कुत्रा आणि अखंड पाऊस, एवढ्या सोबतीवर हा मनुष्य वर्षांमागून वर्षें राबला. किनाऱ्यावरच्या रानांतून काकापो आणि किवी हुडकून काढावयाचे, ते होडींतून बेटावर न्यावयाचे आणि सोडून द्यावयाचे, हें त्याचें काम. अशा रीतीनें पांचशेंहून अधिक पक्षी त्यानें हलविले. मध्यें समुद्राचें पाणी आहे, तेव्हां येथें ते सुखरूप राहतील, असा त्याचा विश्वास होता. परंतु 1900 सालीं बेटावर स्टोट दिसला. तो पोहून आला होता! हेन्रीच्या सहा वर्षांच्या श्रमांवर पाणी पडलें. तरीही 1908 पर्यंत तो तेथेंच टिकून राहिला.

दुसरी हकीकत टाकाहे या पक्ष्याची. आपल्या तळ्यांकांठीं जी जांभळी पाणकोंबडी दिसते, तिच्याच कुळांतला हा पक्षी. परंतु अंगानें कितीतरी थोराड, तीन किलोच्या आसपास वजनाचा आणि उडतां न येणारा. युरोपियनांना हा प्रथम 1849 सालीं रेझोल्यूशन बेटावर जिवंत सांपडला. सील मारणाऱ्यांनीं त्याला मारून खाल्लें. कातडें मात्र संग्रहासाठीं उरलें. 1898 पर्यंत असे केवळ चार पक्षी हातीं आले. त्यानंतर पन्नास वर्षें एकही मिळाला नाहीं आणि ही जात नष्ट झाली, असें बहुतेकांनीं धरून ठेवलें.

डॉक्टर जेफ्री ऑर्बेल यांना तें पटलें नव्हतें. टे आनाऊ सरोवराच्या पश्चिमेस असलेल्या मर्चिसन पर्वतांत त्यांनीं शोध चालविला आणि 20 नोव्हेंबर 1948 रोजीं एका उंच दरींत त्यांना टाकाहे दिसले. त्यांनीं दोन पक्षी पकडले, त्यांचीं छायाचित्रें घेतलीं आणि त्यांना पुन्हां सोडून दिलें. सरकारनें तो भाग लागलीच इतरांस बंद केला.

येथें ही कथा आनंदानें संपावयास हवी होती. तशी ती संपली नाहीं. शिकारीच्या हौसेखातर आणलेलीं हरणें डोंगरांवर चढून टाकाहेचें मुख्य खाद्य असलेलें गवत फस्त करूं लागलीं, स्टोटही होतेच. 1980 नंतर लवकरच टाकाहेंची संख्या सव्वाशेंच्याही खालीं गेली. मग हरणें कमी करण्यांत आलीं, सापळे लावले गेले, अंडीं उबवून पिलें वाढविण्यांत आलीं. तेव्हां कोठें आज त्यांची संख्या पांचशेंच्या आसपास आली आहे.

अरण्यावरचें आणखी एक संकट उघड उघड माणसाच्याच गरजेंतून आलें. ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून मानापोउरी सरोवराची पातळी तीस मीटरांपर्यंत वाढविण्याचा बेत ठरला. कांठचें रान बुडालें असतें. 1970 सालीं याविरुद्ध 2,64,907 सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढें गेला. ही संख्या देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतकी होती. 1972 च्या निवडणुकींत हा प्रश्न गाजला आणि नव्या सरकारनें पातळी न वाढविण्याचें ठरविलें. वीजघर डोंगराच्या पोटांत आजही चालतें. सरोवरही आपल्या स्वाभाविक मर्यादेंतच राहिलें आहे. वीज कीं अरण्य, असा जो एकच प्रश्न मांडला जात होता, त्याला तिसरें उत्तर होतें. तें लोकांनीं शोधावयास लावलें.

आतां काकापोचें काय झालें, तें सांगितलें पाहिजे. 1970 नंतरच्या दशकांत फियॉर्डलँडच्या दऱ्याखोऱ्यांत कसून शोध केला, तेव्हां अठराच काकापो आढळले आणि ते सर्व नर! सुदैवानें 1977 सालीं स्ट्यूअर्ट बेटावर कांहीं काकापो सांपडले आणि त्यांत माद्याही होत्या. फियॉर्डलँडमधील एका नराला 1975 सालीं सुरक्षित बेटावर नेण्यांत आलें होतें. त्याचें नांव ‘रिचर्ड हेन्री’ असें ठेवलें होतें. 1998 सालीं त्याला तीन पिलें झालीं आणि 2010 सालीं तो वारला. 1995 सालीं सगळ्या जगांत 51 च काकापो उरले होते. 2022 सालीं ते अडीचशेंवर पोहोंचले. डस्की साउंडमधील अँकर बेटावर आतां काकापो नांदतात. जेथें हेन्रीनें होडी वल्हविली, त्याच पाण्यांतलें हें बेट आहे.

श्रोतेहो, हेन्रीचा बेत चुकीचा नव्हता. पक्ष्यांना शत्रूपासून दूर बेटावर न्यावें, ही त्याचीच कल्पना आज उपयोगी पडत आहे. फरक इतकाच कीं, बेट राखून ठेवलें म्हणजे काम संपलें, असें आतां कोणी मानीत नाहीं. सापळे पुनःपुन्हां तपासावे लागतात, पक्षी मोजावे लागतात, पाण्यापलीकडून कोण पोहून येतें यावर लक्ष ठेवावें लागतें. अंतर, डोंगर आणि समुद्र हे चांगले पहारेकरी खरे. पण तेही कधीं ना कधीं डुलकी घेतात. अरण्य एकदां राखून मोकळें होतां येत नाहीं. तें रोज राखावें लागतें. मग तें दक्षिण समुद्राच्या कांठचें असो कीं आपल्या सह्याद्रीच्या कुशींतलें असो.